"तमे नवरा छो?" म्हणजे नेमकं काय विचारतात?

साताऱ्याची सून:
ह्यांची बदली झाली म्हणून फेब्रुवारीत साताऱ्याहून बडोद्याला आलो. समोरच्या फ्लॅटमध्ये साठीच्या एक बेन राहतात. दुसऱ्याच आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास मी कणीक मळत होते, तर त्यांनी दाराच्या जाळीतून विचारलं, "तमे नवरा छो?" पिठाचे हात तसेच घेऊन मी दाराशी गेले आणि म्हटलं, "नाही हो, नवरा ऑफिसला गेलाय." त्यांना 'नाही' तेवढं कळलं असावं. मान डोलावून परत गेल्या. असं तीनदा झालं. आमच्या ह्यांच्याशी एवढं काय काम असेल बाई?

काल आणखी एक. माझ्या थोरलीकडे बघून म्हणाल्या, "मोटी दीकरी बहु डाही छे." पोरगी चौदाची, टीव्हीच्या हिंदीवर वाढलेली. तिनं फक्त 'मोटी' ऐकलं आणि रात्री एका पोळीवर उठली. 'डाही' तर मलाही कळलं नाही. कौतुक होतं की टोमणा?

दांडियाबाजारकर:
वहिनी, पोरीला आधी पोटभर जेवायला घाला. गुजरातीत मोटी म्हणजे मोठी, थोरली. जाड असेल तर 'जाडी' म्हणतात, आपल्यासारखंच. बहु म्हणजे फार. आपल्या जुन्या ओव्यांतलं 'बहु' इथे रोज भाजी घेतानाही ऐकू येतं. आणि डाही म्हणजे शहाणी, गुणी. अस्सल कौतुक. फक्त त्याच्या आधी 'दोढ' लागलं तर सावध राहा. दोढ म्हणजे दीड. दोढडाही म्हणजे आपली दीडशहाणी, मापात तसूभर फरक नाही!

आता नवरा. गुजरातीत नवरो म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला. बाईमाणसाला आदरानं 'तमे नवरां छो' म्हणतात, पण तो अनुस्वार आपल्या कानाला लागत नाही. बेन एवढंच विचारत होत्या, 'सवड आहे का?' तुम्ही तीनदा नाही म्हणालात. त्यांच्यात म्हण आहे, 'नवरो बेठो नख्खोद वाळे', म्हणजे रिकामा बसलेला माणूस सत्यानाश करतो. आपला रिकामा न्हावी निदान कुडालाच तुंबड्या लावतो. आम्ही चार पिढ्या बडोद्यात आहोत. आमच्या आजीला ही म्हण भारी आवडायची आणि ती म्हणताना बघायची मात्र आजोबांकडे.

चकलीवाली, जर्मनी:
तुमचं निदान शेजारात मिटेल. माझा तीन वर्षांचा मुलगा बागेत ह्यांच्या मित्राकडे बोट दाखवून 'काका! काका!' ओरडत होता. इथल्या लहान मुलांच्या भाषेत काका म्हणजे शी. बाकावरच्या एका आजींनी तत्परतेनं ओल्या रुमालांचं पाकीट पुढे केलं. घरी काका, बाहेर ओंकल, असं शिकवून पाहिलं. ऐकतोय कोण!

त्रिचीचा जोशी:
तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी. मल्याळममध्ये पट्टी म्हणजे कुत्रा. आमच्या ऑफिसात एक केरळचा आहे. त्याच्यासमोर मी घरमालकीणबाईंना 'पट्टी' म्हणालो, काना खाल्ला. पुढचं सांगत नाही.

साताऱ्याची सून:
दांडियाबाजारकर, फार फार आभार. थोरलीला समजावलं, आता धाकटीला सारखी 'मी डाही, तू दोढडाही' म्हणून चिडवते.

आज रविवार. बेननी विचारल्या विचारल्या मी थाटात सांगितलं, "हुं नवरी छुं." आतून हे पेपर टाकून बाहेर आले, "काय? पुन्हा?" बेनना काही कळेना, मला हसू आवरेना. शेवटी कळलं, त्यांना उडदाचे पापड लाटायला जोडीला हात हवे होते, म्हणून महिनाभर विचारत होत्या. दोन किलोंचे लाटून आत्ता आलेय. मनगट सुजलंय. उरलेलं पीठ उद्याला ठेवलंय म्हणे.

'नवरी नथी' म्हटलं तर वाईट वाटेल का हो त्यांना?