मदत कक्षावर बसणाऱ्याने स्वतःची घालमेल दाबली, तर समोरच्याची दिसते का?

धंतोलीकर (धागा सुरू करताना)

हॉस्पिटलातल्या मदत कक्षावर बसणाऱ्या स्वयंसेवकांना प्रशिक्षणात एक सूचना हमखास मिळते: 'आपल्या भावना घरी ठेवून या, चेहरा कोरा ठेवा.' पहिलं अर्धं अशक्य आहे, दुसरं अर्धं अपायकारक आहे, असं माझं मत. मांडतो, तुटून पडा.

अपघातातल्या पोराचा बाप समोर उभा राहिला की पोटात कालवाकालव होणारच. तिचं पुढे काय करायचं, याचे मुख्य रस्ते दोन. एक, आत जे चाललंय ते चालू द्यायचं आणि बाहेर दिसू द्यायचं नाही, म्हणजे दाबायचं. दुसरा, भावना पुरती उसळायच्या आधीच प्रसंगाचा अर्थ बदलून पाहायचा, जसं 'हा माझ्यावर ओरडत नाहीये, घाबरलाय.' जेम्स ग्रॉस यांनी 1998 मध्ये लोकांना हात कापण्याच्या शस्त्रक्रियेची फिल्म दाखवून या दोन रस्त्यांची तुलना केली. दाबणाऱ्यांचा चेहरा स्थिर राहिला, पण किळस तसूभर कमी झाली नाही आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. अर्थ बदलून पाहणाऱ्यांना किळसच कमी वाटली आणि अंगावर तो जादा ताणही आला नाही.

2000 मध्ये रिचर्ड्स आणि ग्रॉस यांनी दाखवलं की दाबणाऱ्याला समोर घडलेलं कमी आठवतं. 2003 मध्ये एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी अनोळखी बायकांच्या जोड्या करून एक त्रासदायक फिल्म दाखवली आणि तिच्यावर गप्पा मारायला लावल्या. जोडीतल्या एकीला भावना लपवायला सांगितलं होतं. दुसरीला त्याचा पत्ता नव्हता, तरी रक्तदाब तिचाही वाढला.

चेहरा कोरा ठेवणारा सतत स्वतःच्याच चेहऱ्यावर पहारा देत असतो. त्या पहाऱ्यात समोरच्याचा ओठ क्षणभर थरथरला, ते निसटतं. म्हणून ती सूचना काढा आणि तेवढा वेळ अर्थ बदलून पाहायच्या सरावाला द्या.

वॉर्ड_नऊ

साफ असहमत. तुमच्या पुराव्यात एक उडी आहे. आठवण कमी होणं आणि ओळख चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी. समोरचा घाबरलाय हे त्या क्षणी नीट कळलं आणि संध्याकाळी त्याच्या मुलाचं नाव आठवलं नाही, असं होऊ शकतं. त्यावर इलाज रजिस्टर: नाव, वॉर्ड, कोणती तपासणी बाकी, कोणाला फोन केला.

आता दुसरी बाजू बघा. मार्क डेव्हिस यांच्या सहानुभूतीच्या प्रश्नावलीत 28 विधानं आहेत, सात-सातचे चार गट. त्यातल्या दोन गटांची गल्लत आपण रोज करतो. एक गट दुसऱ्याविषयी वाटणाऱ्या कळवळ्याचा. दुसरा, दुसऱ्याचं दुःख पाहून आपलीच जी घालमेल होते, तिचा. घालमेल झालेल्या माणसाला समोरच्याचं दुःख कमी करायचं नसतं, स्वतःची सुटका हवी असते. असा स्वयंसेवक मान खाली घालतो, कागद चाळतो, 'सब ठीक हो जाएगा' म्हणून मोकळा होतो. तो समोर बघतच नाही, मग ओळखणार काय?

कॅज्युअल्टीच्या दारात हाताशी वीस-तीस सेकंद असतात. स्ट्रेचर आत गेलंय, मागून चार माणसं धावत येऊन राहिलीत, रक्तगट विचारायचाय. तिथे प्रसंगाचा अर्थ बदलत कोण बसणार? तिथे दाबायचंच. जीन डिसेटी आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये डॉक्टर आणि इतर लोक यांना सुई टोचल्याची आणि कापसाची काडी टेकवल्याची चित्रं दाखवून मेंदूतल्या लहरी मोजल्या. इतरांच्या लहरींत सुई आणि काडी यांतला फरक लगेच उमटला, डॉक्टरांच्या लहरींत नाही. हे मी बधिरपण मानत नाही. दुसऱ्याच्या वेदनेने आपला हात थरथरू नये म्हणून झालेली ती सवय आहे.

सदर_न्यूरो

'चेहरा कोरा ठेवला तर समोरचा चेहरा वाचता येत नाही' यामागे एक लोकप्रिय कल्पना असते: आपण नकळत समोरच्याची नक्कल करतो आणि आपल्याच स्नायूंवरून त्याची भावना ओळखतो. धंतोलीकरांनी ती वापरलेली नाही, पण कोणीतरी आणणारच, म्हणून आधीच सांगतो.

बाजूने: 2011 मध्ये नील आणि चारट्रँड यांनी बोटॉक्स घेतलेल्या बायकांची तुलना सुरकुत्या भरण्याचं दुसरं इंजेक्शन घेतलेल्या बायकांशी केली. बोटॉक्सने चेहऱ्याचे स्नायू लुळे पडतात, त्या दुसऱ्या इंजेक्शनने पडत नाहीत. नुसत्या डोळ्यांचे फोटो पाहून भावना ओळखण्यात बोटॉक्सवाल्या मागे पडल्या. थोड्याच, पण पडल्या.

विरुद्ध: मोबियस सिंड्रोममध्ये चेहरा जन्मतःच लुळा असतो, नक्कल शक्यच नाही. बोगार्ट आणि मात्सुमोतो यांनी 2010 मध्ये अशा 37 जणांना तपासलं. चेहरे ओळखण्यात ते इतरांपेक्षा कमी पडले नाहीत.

म्हणजे नक्कल मदत करत असेल, पण तिच्यावाचून अडत नाही. धंतोलीकरांचा लक्ष वाटलं जाण्याचा मुद्दा मात्र याने खोडला जात नाही. तो वेगळाच आहे आणि मला तो जास्त पटतो.

इतवारीचा_भाऊ

तुम्ही लोकं चेहऱ्यावरच काहून अडून राहिले भाऊ? काउंटरवर गडबड होते ती दुसरीकडेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भीतीला राग समजणं. भंडाऱ्याहून, गडचिरोलीहून, तिकडे शिवनी-बालाघाटाहून माणूस रात्रभर बसून येते. इथं कोणती खिडकी कशाची हे त्याला माहीत नाही. तो जोरात बोलते. काउंटरवाल्याला वाटते भांडायला आला. तो भांडून नाही राहिला बाप्पा, घाबरून राहिला. आणि काउंटरवाला सकाळपासून तीन जणांशी वाजवून बसला असेल, तर त्याला चौथा चेहराही रागीटच दिसते. आपल्या मनात जे खदखदते तेच समोर दिसते. बेचैन माणसाला साध्या चेहऱ्यातही धमकी दिसते, खचलेल्याला साध्या चेहऱ्यात उदासी दिसते. नजर चांगली आहे, चष्म्याचा रंग चुकीचा आहे.

म्हणून चेहरा शेवटी वाचायचा. आधी हात: फाइल मुठीत चुरगळली की घट्ट धरली? मग पाय: काउंटरकडे तोंड करून उभा आहे की वॉर्डाच्या दाराकडे? दाराकडे असेल तर त्याला तुमचं अर्धं बोलणं ऐकूच जात नाही, मोठं वाक्य बोलूच नका. मग आवाज: राग असला की माणूस एकाच गोष्टीवर अडून राहते, भीती असली की प्रश्न बदलत राहते, 'डॉक्टर केव्हा येईल, पैसे किती, आत जाता येईल काय' सगळं एका दमात. चेहरा सगळ्यात शेवटी.

आणि बाई डोक्यावरून पदर ओढून उभी असली, नाहीतर तोंडाला मास्क असला, तर चेहरा दिसणारच किती? कोरोनात त्याच्यावर अभ्यास झाले. मास्कवाला रागावला असला, दुःखी असला, खूश असला, तरी लोकांना त्याचा चेहरा पुष्कळदा कोराच वाटते. किळस तर सरळ रागात धरली जाते.

धंतोलीकर

@इतवारीचा_भाऊ, चेहरा शेवटी हे मान्यच. 2019 मध्ये लिसा बॅरेट आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र तपासले: राग आलेला माणूस कपाळाला आठ्या घालून डोळे वटारतो ते साधारण 30 टक्केच वेळा. उरलेल्या वेळी राग दुसऱ्याच कुठल्या रूपात असतो. आणि भावना टोकाची असेल तेव्हा चेहरा सगळ्यात जास्त फसवतो. टेनिसचा गुण जिंकलेल्या आणि हरलेल्या खेळाडूंचे नुसते चेहरे दाखवले तर लोकांना फरक सांगता येत नाही, शरीर दाखवलं की येतो (अविएझर आणि सहकारी, 2012).

@वॉर्ड_नऊ, वीस सेकंदांपुरतं दाबण्याला माझी हरकत नाही. मदत कक्षाची पाळी मात्र चार-चार तासांची असते, आणि 'चेहरा कोरा ठेवा' ही सूचना वीस सेकंदांची म्हणून कोणी देत नाही.

महालची_मास्तरीण

दाबणं वाईट आणि अर्थ बदलून पाहणं चांगलं, अशी सरळ वाटणी चालली आहे. ती मला धोक्याची वाटते. समोरच्याकडे बघणं सगळ्यात लवकर बंद पाडणारी वाक्यं ही अर्थ बदलून पाहिल्याचीच वाक्यं असतात: 'हे रोजचंच आहे.' 'यांच्यापेक्षा वाईट केस बघितल्यात.' 'ही माणसं रडतातच.' ही वाक्यं घालमेल झटक्यात कमी करतात. आणि तिच्यासोबत समोरचा माणूसही पुसला जातो.

म्हणून सराव घेताना नेमका कशाचा अर्थ बदलतोय, हे पाहावं लागतं. स्वतःच्या भूमिकेचा अर्थ बदला, समोरच्याच्या दुःखाचा नाही. 'हा माझ्यावर ओरडतोय' च्या जागी 'ओरडायला याला पहिला माणूस मीच भेटलो' हे चालेल. 'मला याचं दुःख दूर करायचंय' च्या जागी 'मला याला बरोबर खिडकीवर पोचवायचंय' हेही चालेल, उलट फार उपयोगी आहे, कारण घालमेलीचा मोठा भाग आवाक्याबाहेरचं काम अंगावर घेतल्याने होतो. 'एवढं काही झालेलं नाही' हे चालणार नाही. मनातल्या मनातही नाही.

आणखी एक. स्वतःला काय होतंय याला नाव देता येत नसेल तर कोणतीच युक्ती चालत नाही. स्वतःच्या भावना ओळखता-सांगता न येण्याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. 1970च्या दशकात पीटर सिफ्निओस यांनी ते नाव रूढ केलं. हा गुण जास्त असलेल्यांना इतरांचे चेहरे ओळखणंही अनेकदा जड जातं. शाळेतसुद्धा हेच दिसतं: ज्या पोराला विचारलं की फक्त 'कसंतरीच होतंय' म्हणतं, त्याला शेजारचा रडकुंडीला आलाय हेही उशिरा कळतं. म्हणून पाळी सुरू होण्याआधी एका शब्दात लिहायला लावा: चिडचिड, भीती, कंटाळा, अपराधीपण. 'ठीक' आणि 'टेन्शन' हे शब्द बाद. नाव दिल्याने मेंदूतल्या अमिग्डाला या भीती-धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या भागाची उसळी कमी होते, हे मॅथ्यू लिबरमन यांनी 2007 मध्ये दाखवलं आहे.

सदर_न्यूरो

मास्तरीणबाईंच्या मुद्द्याला जोड. घालमेल कमी करण्याची किंमत कळवळ्यात मोजावी लागते, हे गोळीनेही दिसलं आहे. 2016 च्या एका अभ्यासात 1000 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घेतलेल्यांना दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल वाटणारी घालमेलही कमी झाली आणि ते दुखणंही कमी वाटलं. (डोकं दुखलं तर गोळी घ्या, उगाच त्याग करू नका.) पण तिथे 'किती वाईट वाटलं' हे मोजलं होतं. 'ओळखलं की नाही' हे नाही. या धाग्यात ते दोन पुन्हा पुन्हा एक होऊन राहिलेत.

अजनी_फोनवर

फोनवर काम करणाऱ्यांचा कोणी विचारच केला नाही! टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून आहे, तिथे चेहरा कोणाचाच दिसत नाही. मायकेल क्राउस यांच्या 2017 च्या प्रयोगांत तर नुसता आवाज ऐकणाऱ्यांनी भावना जास्त अचूक ओळखली, आवाज आणि चेहरा दोन्ही मिळालेल्यांपेक्षाही. मग काउंटरवर काही क्षण नजर फाइलवर ठेवून फक्त ऐकलं तर? मान खाली घालणं नेहमी पळ काढणंच असतं असं नाही, @वॉर्ड_नऊ.

वॉर्ड_नऊ

फोनवर ठीक. काउंटरवर नजर काढली की नातेवाईक म्हणतात 'बघतसुद्धा नाही', आणि तिथून खरा राग सुरू होतो.

बाकी, मास्तरीणबाईंचा एका शब्दाचा नियम मी घेईन, त्याला दहा सेकंद लागतात. पण सुधारणा झाली की नाही, हे मोजणार कसं? नुसत्या डोळ्यांच्या फोटोंवरून भावना ओळखायचं ते प्रसिद्ध चाचणीपत्र इथे निरुपयोगी. 36 फोटो, प्रत्येकाला चार पर्याय, डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी 9 बरोबर येतात. त्यात चेहरे गोऱ्यांचे आणि शब्द इंग्रजी.

इतवारीचा_भाऊ

मोजायला चाचणी कशाला पाहिजे? विचारायचं. 'काका, तुम्ही दमले की काळजी वाटून राहिली?' दोन पर्याय द्यायचे, दोन्ही असे की कबूल करायला लाज नाही वाटली पाहिजे. 'तुम्ही रागावले काय' असं कधीच नाही, नसला तरी येते. मग चूप बसायचं. पाच सेकंद फार मोठे वाटतात, पण तेवढे द्या. तो म्हणेल 'काळजी नाही जी, पैसे नाहीत.' बस, कळलं. रजिस्टरात दोन रकाने करा: आपल्याला काय वाटलं आणि तो काय बोलला. महिनाभराने कोण कशाला काय समजते ते आपोआप दिसते.

वॉर्ड_नऊ

दोन रकाने चालतील. पण पहिला रकाना विचारण्याआधी भरायचा, नाहीतर सगळेच शंभर टक्के बरोबर निघतील. आणि नवीन माणसाला पहिले काही दिवस मी तरी चेहरा स्थिर ठेवायलाच सांगणार.

धंतोलीकर

'स्थिर' म्हणा, 'कोरा' नका म्हणू, आणि किती दिवस तो आकडा सूचनेतच छापा. नाहीतर ते पहिले काही दिवस निवृत्तीपर्यंत चालतात.