किंग्ज वि. वॉरियर्स: १६ सीझननंतर प्लेऑफ आणि पहिल्याच राउंडला करी! काय वाटतं?

वरळीचा_जांभळा (ठाणे) | १० एप्रिल २०२३

एनबीएचा (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा) रेग्युलर सीझन आज सकाळी संपला आणि प्लेऑफचं (बाद फेरीचं) ब्रॅकेट, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ते, लागलं. आपले सॅक्रामेंटो किंग्ज ४८-३४ (जिंकले-हरले), वेस्टमध्ये (पश्चिमेकडच्या टीम्सच्या गटात) तिसरे, त्यातलं पॅसिफिक डिव्हिजन पण आपलंच, जे २००३ नंतर पहिल्यांदा झालंय. १६ सीझन प्लेऑफचं तोंड बघितलं नव्हतं, एनबीएच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कुणाचाच नाही, आणि आता एकदाचे पोचलो तर समोर कोण, स्टेफ करीचे गोल्डन स्टेट वॉरियर्स. सहाव्या नंबरची टीम म्हणून गेल्या वर्षीचे चॅम्पियन अंगावर यावेत हे फक्त सॅक्रामेंटोच्याच नशिबी असू शकतं राव.

आता प्रश्न. ऑफेन्स लीगमध्ये एक नंबर, मॅचला सरासरी १२०.७ पॉइंट्स, त्याबद्दल कोणी काही बोलूच शकत नाही. पण डिफेन्स शेवटच्या दहांतला. फेब्रुवारीत क्लिपर्सला डबल ओव्हरटाइममध्ये १७६-१७५ हरवलं तेव्हा मी ऑफिसात ओरडलो होतो, आपल्या मंकचे ४५, फॉक्सचे ४२ पॉइंट्स, पण नंतर विचार केला तर १७५ खाल्लेत की आपण! प्लेऑफमध्ये गेम स्लो होतो, समोरचा तीच तीच सेट (ठरवलेली चाल) दहा वेळा बघून येतो, मग हे असलं "तू शंभर मार मी एकशे एक मारतो" चालेल का? मी २०१९ ला वरळीच्या डोमला पेसर्सविरुद्धची मॅच झाली तेव्हापासून किंग्जचा आहे (दोन्ही मॅच हरलो होतो, तरीही), त्यामुळे माझं मत धरू नका. तुम्ही सांगा, किती मॅचमध्ये आणि का. नुसतं "लाइट द बीम" (किंग्ज जिंकले की आकाशात जांभळा लेझर सोडतात, त्याची घोषणा) लिहून पळायचं नाही.

---

बंड्या_बे_एरिया (सॅन होजे) | १० एप्रिल

वॉरियर्स इन फाइव्ह. झोपा आता.

बरं कारण पाहिजे तर घे. आमचे स्टेफ, क्ले, ड्रेमंड आणि कोच कर एकत्र आल्यापासून वेस्टमध्ये एकही सिरीज हरलेले नाहीत. प्लेऑफमध्ये सलग २७ सिरीजमध्ये किमान एक तरी रोड गेम (समोरच्याच्या घरची मॅच) मारलाय, हा रेकॉर्ड आहे. या सीझनला आपल्यात ३-१ आहे, आमच्या बाजूने, नोव्हेंबरमधली ती ११६-११३ वाली आठवते का, स्टेफचे ४७? तुमच्या टीममध्ये बार्न्स आणि डेलाव्हेडोव्हा सोडले तर फायनल खेळलेलं कोण आहे, आणि बार्न्सला चॅम्पियनशिपची अंगठी कोणी मिळवून दिली ते पण सांग 😄

---

वरळीचा_जांभळा | १० एप्रिल

बंड्या, घराबाहेर ११-३० हा आकडा जरा मोठ्याने वाच. अकरा. तीस. हे चॅम्पियनचं रेकॉर्ड आहे की लॉटरीवाल्यांचं (प्लेऑफ हुकलेल्यांचं)? आणि होम कोर्ट (जास्त मॅच घरी) आमच्याकडे आहे, सातवी मॅच झाली तर ती पण आमच्या गोल्डन वन सेंटरमध्ये. आम्ही बाहेर २५-१६ आहोत, म्हणजे तुमच्या चेस सेंटरमध्ये येऊन एक मारणं काही अवघड नाही.

---

फॉल्समचे_आप्पा | १० एप्रिल

पोरांनो, मी इथे सॅक्रामेंटोजवळ नव्वदच्या दशकापासून आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

२००२ ची लेकर्सविरुद्धची सिरीज ज्याने बघितली त्याला "या वर्षी नक्की" असं म्हणायची हिंमत होत नाही. चौथ्या मॅचला आमच्या दिवाचने बॉल टॅप करून बाहेर ढकलला तो नेमका लेकर्सच्या हॉरीच्या हातात, बझरला (वेळ संपताना) थ्री (लांबून तीन पॉइंट्सचा शॉट), संपलं. सहाव्या मॅचला एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो. सत्तावीस! त्यावर अजून बोललो तर बीपी वाढतं. तेव्हाच्या अरीनात लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन यायचे, फिल जॅक्सनने आमच्या गावाला अडाणी म्हटलं त्याचा राग, त्याच्या बेंचच्या मागे उभं राहून कान किटेपर्यंत वाजवायचे. पोळ्याला गावात जसा आवाज असतो तसा, छताखाली.

२००६ ला स्पर्सकडून पहिल्या राउंडला हरलो आणि मग सगळं बंदच पडलं. २०१३ ला तर टीम सिएटलला चाललीच होती. विवेक रणदिवेंनी ग्रुप करून विकत घेतली म्हणून ती इथे राहिली, मुंबईचा माणूस, आडनाव ऐकून आम्ही मराठी मंडळी उगाच कॉलर ताठ करून फिरत होतो. पण त्यांच्या पहिल्या काही वर्षांत जे झालं ते पण विसरायचं नाही. कोच माइक मलोनला डिसेंबर २०१४ मध्ये हाकलला, तोच मलोन आज डेन्व्हरला घेऊन वेस्टमध्ये पहिला आहे. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) दुसरा पिक हातात असताना डॉन्चिच सोडून बॅगली घेतला. कोच तर किती आले न किती गेले. त्यामुळे आज जे चाललंय त्याचं श्रेय मी जनरल मॅनेजर मॉन्टे मॅकनेअर आणि कोच माइक ब्राउनला देतो. मालकांनी मध्ये पडणं कमी केल्यावर गाडी सुधारली, हे माझं स्पष्ट मत, राग आला तरी चालेल.

सबोनिसचा ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) झाला तेव्हा मी पण शिव्याच घातल्या होत्या, हॅलिबर्टनसारखा पोरगा कोणी देतं का. आता तो तिकडे इंडियानात खूश, सबोनिस इकडे, रिबाउंडमध्ये (हुकलेला बॉल पकडण्यात) लीगमध्ये पहिला, मॅचला १२.३, वर सात असिस्ट. तेही डिसेंबरपासून उजव्या हाताचा अंगठा मोडलेला असताना, ऑपरेशन न करता.

माझं उत्तर: सातपर्यंत जाईल. पुढचं मी बोलणार नाही. तिकिटांचे भाव बघितले आणि मुलाला म्हटलं घरीच बघू.

---

खडू_फळा (नागपूर) | ११ एप्रिल

मी कॉलेजला युनिव्हर्सिटीकडून खेळलोय, आता शाळेच्या पोरांना शिकवतो, तेव्हा जरा एक्स-ओ मधलं (चालींचं) बोलतो. वैतागू नका.

किंग्जचा ऑफेन्स कसा चालतो बघा. सबोनिस एल्बोला (फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यावर) किंवा टॉपला बॉल घेऊन उभा राहतो आणि हर्टर, मरे, मंक त्याच्या अंगाला घासून धावतात, तो हातात बॉल देतो आणि त्याच झटक्यात स्क्रीन लावतो, म्हणजे डिफेंडरची वाट अडवतो. डिफेंडर मागून आला तर सरळ थ्री, पुढून गेला तर बॅककट (त्याच्या पाठीमागून रिंगकडे), दोघं शूटरवर धावले तर सबोनिस रोल करून आत. कीगन मरेने रुकी (पहिल्याच सीझनचा) असून २०६ थ्री मारल्यात, रुकीचा रेकॉर्ड आहे, त्यातल्या अर्ध्याअधिक अशा फुकटच्या ओपन मिळालेल्या वाटतात. आणि हे सगळं अडलं तर फॉक्स आहेच, त्याच्या स्पीडला उत्तर नाही.

आता कर काय करेल? मी त्याच्या जागी असतो तर ड्रेमंड किंवा लूनीला सबोनिसपासून सहा फूट लांब रिंगजवळ उभं केलं असतं. मार बाबा मिड-रेंज, मार थ्री. त्याला ते आवडत नाही, त्याला काँटॅक्ट पाहिजे, खांद्याने ढकलत आत जायचंय. लांब उभं राहिलं की हँड-ऑफचा डिफेंडर पण मागून सुखाने येऊ शकतो, कारण रिंगपाशी माणूस हजर आहे. म्हणजे रेग्युलर सीझनमधलं मशीन पहिल्या दोन मॅचनंतर अडखळणार, आणि मग सगळं फॉक्स-मंकच्या वन-ऑन-वनवर येणार.

तिथे मला किंग्जची बाजू एवढी कच्ची वाटत नाही. क्लचमध्ये या वर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट्स फॉक्सचे आहेत. शेवटची पाच मिनिटं, पाच पॉइंटच्या आत मॅच, तिथे तो घाबरत नाही.

माझी खरी काळजी डिफेन्सपेक्षा रिबाउंडची आहे. सबोनिस एकटा किती ओढणार. लूनी दिसायला काहीच नाही, उडी पण मारत नाही, पण ऑफेन्सिव्ह रिबाउंड काढून बॉल परत करीला देतो, आणि ती दुसऱ्या चान्सची थ्री सगळ्यात जास्त लागते मनाला.

---

क्रिकेटवाला_पक्या | ११ एप्रिल

मधेच घुसतोय माफी असावी. परवा रिंकूच्या पाच सिक्सनंतर अजून उतरलो नाहीये, पण हा धागा वाचून इंटरेस्ट आला. दोन बावळट प्रश्न: प्ले-इन म्हणजे काय, आणि आपला कोणी खेळतो का एनबीएत?

---

वरळीचा_जांभळा | ११ एप्रिल

पक्या, पहिले सहा डायरेक्ट. सात ते दहा नंबरवाले आपसात खेळतात, त्यातले दोघे आत येतात. सात-आठची मॅच जिंकणारा सातवा, हरणाऱ्याला अजून एक चान्स. लेकर्स-टिंबरवुल्व्ह्ज त्यासाठीच चाललंय. मग प्रत्येक राउंड सातची, जो आधी चार मारेल तो पुढे. आयपीएलसारखं एका रात्रीत नशीब फिरत नाही इथे, म्हणून तर भीती.

आपला सध्या कोणी नाही. सतनाम सिंगला २०१५ ला डॅलसने ड्राफ्ट केलं होतं पण एनबीएची मॅच मिळाली नाही. त्याच वर्षी किंग्जनेच सिम भुल्लरला दहा दिवसांच्या काँट्रॅक्टवर घेतलं, कॅनडाचा पंजाबी, भारतीय वंशाचा पहिला. काही मिनिटंच खेळला, पण खेळला.

---

बंड्या_बे_एरिया | १२ एप्रिल

खडू_फळा सर, अभ्यास जबरदस्त, पण दोन गोष्टी राहिल्या. आमचा विगिन्स फेब्रुवारीपासून नव्हता, तो परत येतोय. गेल्या वर्षी फायनलला बोस्टनच्या टेटमला ज्याने गप्प केलं तो माणूस आता फॉक्सवर सोडा. दुसरं, पेटन पण परत आलाय. ११-३० हे त्या दोघांशिवायचं आणि करीच्या दुखापतीतलं रेकॉर्ड जास्त आहे.

एक मात्र मान्य. माइक ब्राउन सहा वर्षं आमच्या बेंचवर होता, करच्या शेजारी. आमचा प्रत्येक सेट, प्रत्येक हातवारा त्याला पाठ आहे. ड्रेमंडला कधी काय बोललं की तो भडकतो हे पण. ते जरा डोक्यात राहतंय.

---

फॉल्समचे_आप्पा | १२ एप्रिल

बंडोपंत, ते फक्त प्लेबुकपुरतं नाही. हीच टीम ऑक्टोबरमध्ये ०-४ होती. इथले लोक नेहमीप्रमाणे ड्राफ्टच्या गप्पा मारायला लागले होते. ब्राउनने एकाला पण पाठीशी घातलं नाही, फॉक्सला पण भर टाइमआउटमध्ये झापायचा. नोव्हेंबरात लागोपाठ सात जिंकलो तेव्हा तो जांभळा लेझर रोज रात्री आकाशात, ऑफिसात माझ्याबरोबरची बास्केटबॉलचं ओ की ठो न कळणारी माणसं पण "बीम लागला का" विचारायला लागली.

---

वरळीचा_जांभळा | १६ एप्रिल

१२६-१२३!!!! २००६ नंतर पहिला प्लेऑफ विजय!!! पहाटे सहाला बघितलंय, घरचे सगळे जागे, शेजारचे पण बहुतेक. फॉक्स पहिल्याच प्लेऑफ मॅचला ३८, मंक बेंचवरून ३२, विगिन्सची कॉर्नर थ्री हुकली तेव्हा मी श्वास घेतला आणि मग करीच्या हातात शेवटचा बॉल, बरोबरीची थ्री, ती पण बाहेर. बंड्या कुठे आहेस रे?

---

बंड्या_बे_एरिया | १६ एप्रिल

आहे इथेच. तीन पॉइंट्सने हरलो, तुमच्या घरात, विगिन्स दोन महिन्यांनी खेळत असताना. करीचे ३० आले ते पण फार घाम न गाळता. फाइव्हचं सिक्स करतो, त्यापुढे हलणार नाही.

---

खडू_फळा | १६ एप्रिल

जल्लोष करा, पण सबोनिस बघितला का? रिबाउंड १६ पण पॉइंट्स १२, आणि शॉट भरपूर हुकले. दोन मॅचनंतर म्हणालो होतो, करने पहिल्याच मॅचला ते सुरू केलं, लूनी मागे, रिंगपाशी भिंत. मंगळवारी साडेसातच्या मॅचला ब्राउनने त्याला बॉल मिळताक्षणी हँड-ऑफऐवजी सरळ लूनीच्या अंगावर घ्यायला सांगावं, हळू गेलं तर तो सेट होतो. आणि करीवर किंग्जच्या डेव्हियन मिचेलला जास्त मिनिटं द्या, पॉइंट नाही आले तरी चालतील, निदान प्रत्येक वेळी धडपडून बॉल घ्यायला लागेल स्टेफला.

---

क्रिकेटवाला_पक्या | १६ एप्रिल

मी पण बघितली सर, शेवटचं क्वार्टर. वेडे आहेत हे लोक. तो मंक एवढा खेळला तर त्याला पहिल्यापासून का नाही खेळवत?

---

खडू_फळा | १६ एप्रिल

नको नको, त्याला बेंचवरच राहू दे. फॉक्स बसला की वॉरियर्सना वाटतं आता श्वास घेऊ, आणि नेमका तेव्हा हा येतो. त्याला स्टार्ट केलं तर ती सहा मिनिटं कोण खेळणार, सांग.