चर्चा : वापरणाऱ्यांकडून तपासणी कोडिंगच्या आधी की शेवटी?

खाडीकाठ : मासळी लिलावाच्या नोंदीचं ॲप आमची टीम रत्नागिरीत बनवतेय. ठरलंय असं की सगळं तयार झालं की शेवटच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या शेवटच्या टप्प्यात, बंदरावर दाखवायचं. माझा याला ठाम विरोध आहे. तोवर डेटाबेस आणि स्क्रीनचा क्रम पक्का झालेला असतो, बदलायला उरतो तो बटणाचा रंग. वापरणाऱ्यांकडे सुरुवातीपासून लक्ष द्या, हे गूल्ड आणि लुईस या संशोधकांनी १९८५ मध्येच मांडलंय.

देवगडचा_डेव्ह : अजिबात पटलं नाही. क्लायंट पैसे फीचरचे देतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्याआधी ॲप हातात पडलं नाही तर हंगाम गेला. लवकर रिलीज करा, काय चुकतंय ते लोकच सांगतील.

खाडीकाठ : नाही सांगत. ज्याला जमत नाही तो गुपचूप वही उघडतो, तुमच्यापर्यंत तक्रार येतच नाही. आणि वेळ कितीसा लागतो? वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांच्या २००० सालच्या हिशोबाने पाच जणांना वापरून बघायला दिलं की सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. कागदावर स्क्रीन काढून नेल्या तरी चालतं.

हर्णैवाली : पाच जण, पण कोण? तो आकडा एकाच प्रकारच्या वापरणाऱ्यांचा आहे. होडीचा प्रमुख तांडेल वेगळा, लिलाव पुकारणारा वेगळा, माल घेणाऱ्या बायका वेगळ्या. माझी आई हर्णै बंदरात लिलावात मासळी घेते. असंच एक ॲप तिला दिलं होतं. हात ओले, बोटांना खवलं चिकटलेली, टच लागता लागेना. बोली टोपलीवर आणि फॉर्ममध्ये किलो सक्तीचे! ती मनाला येईल तो आकडा टाकून पुढे जायची. तुमच्या रिपोर्टमध्ये मात्र सगळं भरलेलं दिसणार.

देवगडचा_डेव्ह : टोपलीचं मान्य. ते आधी कळलं असतं तर डेटाबेसचं टेबलच वेगळं केलं असतं. पण म्हणून प्रत्येक गोष्ट बंदरावर विचारून ठरवायची का? 'खात्री करा' हा टॅप मी काढणार नाही. पैशाचा मामला आहे.

खाडीकाठ : घाईत माणूस खात्रीचं बटण न वाचताच दाबतो. त्यापेक्षा 'मागे घ्या' द्या. नील्सन यांच्या १९९४ च्या स्क्रीन-रचनेच्या दहा निकषांतही ही सोय आहे.

देवगडचा_डेव्ह : आणि दलालाने रात्री आकडा मागे घेतला तर?

हर्णैवाली : मग पुढची बोली सुरू होईपर्यंतच मुभा ठेवा, आणि बदल विकणारा आणि घेणारा दोघांच्याही फोनवर दिसू दे. कागद घेऊन संध्याकाळच्या लिलावाला या. आईला मी सांगून ठेवते, पण लिलाव चालू असताना तिला प्रश्न विचारू नका, नुसतं बघा.