अनुभव धागा : मोठ्या नावाची सेडान की घाटात पळणारी छोटी गाडी?

काल साताऱ्यात पोवई नाक्यावर फोक्सवॅगनची छोटी गाडी, लाल पोलो जीटी टीएसआय, समोरून गेली आणि दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. माझीही लालच होती, २०१४ ची. १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. यवतेश्वरच्या वळणांवर एस (स्पोर्ट) मोडला टाकून पाय दिला की अशी उचलायची! आप्पा शेजारी. एका हातानं वरचं हँडल घट्ट धरलेलं, मांडीवर कंदी पेढ्यांचा पुडा. खाली उतरलो की म्हणायचे, "अजून एकदा वर जाऊन येऊ."

धंदा वाढला, २०१८ ला ती विकून सेकंडहँड ऑडी ए३ सेडान घेतली. गाडी झकास. हायवेला शंभरच्या स्पीडला आप्पा पेपर वाचायचे. पण "अजून एकदा" कधी म्हणाले नाहीत. आता आप्पाच नाहीत.

दोन्ही प्रकार चालवलेल्यांनी लिहा.

कृष्णाकाठ
दादा, डोळ्यांत पाणी आलं. आमची सेडान २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागात अडकली. आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. स्टार्टर मारला नाही, टो करूनच नेली, म्हणून इंजिन वाचलं. पाणी आत असताना स्टार्ट केली की कनेक्टिंग रॉड वाकतो, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा. पण सीटखालची इलेक्ट्रॉनिक्स गेलीच. शेजाऱ्यांची जुनी आल्टो आठ दिवसांत रस्त्यावर!

माणदेशी
पेढे राजवाड्याजवळचे का?

वाईची_सून
मी उलट बाजूची. सासूबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, दर महिन्याला पुण्याला न्यावं लागतं. आमच्या छोट्या स्पोर्टी गाडीत शिरवळपर्यंतच कळ यायची. सेडानच्या मागच्या सीटवर त्या झोपतात. मला पसरणी घाटात छोटीच आवडते, पण त्यांची झोप बघितली की विषय संपतो.

टीजेट१४५
फियाटची पुंटो अबार्थ कुणी विसरू नका!! १.४ टी-जेट टर्बो इंजिन, १४५ बीएचपी, आपल्या रांजणगावला बनलेली. हायड्रॉलिक स्टिअरिंग, रस्त्यावरचा खडासुद्धा हाताला कळतो. बोरणे घाटात यापेक्षा जास्त काय पाहिजे? क्लच जड आहे, ट्रॅफिकमध्ये पाय भरून येतो, तेवढं खरं.

कराडकर_काका
सेडान घेणाऱ्यांनी आधी डिकी उघडून बघा. आमच्या गाडीला रनफ्लॅट टायर, स्टेपनीच नाही. हवा गेल्यावर ८० च्या स्पीडच्या आत साधारण ८० किलोमीटर जाते म्हणतात. रात्री पाचवडजवळ टायर कडेनं फाटला. पंक्चरवाला पोरगा म्हणाला, "काका, ह्यो टायर माझ्याच्यानं निघायचा न्हाय." गाडी उचलून नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकची वाट बघत तीन तास. पोरानं चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.

माणदेशी
काका, भला पोरगा. टपरी कुठल्या बाजूला? आमचं येणंजाणं असतं तिथनं.

कराडकर_काका
पुण्याकडं जाताना डाव्या हाताला.

ऊसपट्टा
पोलो २०२२ ला बंद केली ह्याचा राग अजून गेला नाही. आतून रेडिओ जुना, पण दार लावल्यावरचा आवाज आणि खड्ड्यातली ती घट्ट चाल. चार मीटरच्या आत, १२०० सीसीच्या आत, म्हणून कर पण छोट्या गाडीचा. आता तेवढ्या पैशात तशी कुठली सांगा. (धागाकर्ते, ती विकलेली परत शोधा की.)

धागाकर्ता
शोधली. कोल्हापूरला गेली, पुढं दोन मालक बदलले. पत्ता लागत नाही.

समर्थ_मंदिर
माझी २०१७ ची जीटी अजून आहे. पांढरी आहे, चालेल का? रविवारी सकाळी सहाला या, चावी तुमच्याकडं. कासला गर्दी व्हायच्या आत दोनदा वरखाली होईल.

धागाकर्ता
येतो. पेढे मी आणतो.

माणदेशी
राजवाड्याजवळचेच आणा.