कंपनी बुडतेय, हे तुम्हाला आधी कुठे कळलं? (अनुभव धागा, कोकणपट्टी)

नोकिया, ब्लॅकबेरी, एचटीसी, मायक्रोमॅक्स, एलजी. एकेकाळी पनवेलपासून बांद्यापर्यंत प्रत्येक बाजारपेठेत ह्यांच्या पाट्या होत्या. ह्या कंपन्या मागे का पडल्या यावर भरपूर लिहून झालंय, ते इथे नको. पेपरात बातमी यायच्या आधी तुमच्या गावात, दुकानात, हातातल्या फोनवर पहिली खूण कुठली दिसली ते सांगा. स्वतःला झालेला त्रास लिहिणार असाल तर त्या कंपनीचं नाव टाळा, उगाच भांडणं लागतात.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण
आमचं मोबाइलचं दुकान आहे, त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे. प्रमोटर (दुकानात उभा राहून आपल्या कंपनीचे फोन खपवणारा मुलगा) यायचा बंद झाला की समजायचं.

मायक्रोमॅक्सचा चढता काळ मी काउंटरमागून पाहिलाय. इकडे दोन सिमची गरज खरी होती. गावात रेंज मिळते म्हणून एक बीएसएनएल, आणि मुंबईतल्या भावाशी स्वस्तात बोलता येतं म्हणून दुसरं. गणपतीला आलेले चाकरमानी मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास फोन मागायचे. २०१४च्या शेवटच्या तिमाहीत बाजाराची पाहणी करणाऱ्या कॅनालिसने भारतातल्या स्मार्टफोनमध्ये मायक्रोमॅक्सचा हिस्सा २२ टक्के आणि सॅमसंगचा २० टक्के दाखवला होता. सॅमसंगला तो आकडा मान्य नव्हता, पण आमच्या बाजारपेठेत कुणाला त्याचं नवल वाटलं नसतं.

मग दोन्हीकडून कोंडी झाली. जुलै २०१४ला शाओमी आली ती ऑनलाइन. माल आमच्याकडे नाही, पण गिऱ्हाईक तोच भाव फोनवर दाखवून आमच्याशी घासाघीस करणार. ओप्पो-विवो उलट थेट दुकानात शिरले. पाटी त्यांच्या खर्चाने, काउंटरवर त्यांचा पगारी मुलगा, विकलेल्या प्रत्येक सेटमागे दुकानदाराला चांगली स्कीम. २०१६पासून आयपीएलवर विवोचं नाव, २०१७पासून भारतीय संघाच्या छातीवर ओप्पो. त्या जर्सीसाठी पाच वर्षांचे १०७९ कोटी मोजले होते. चीनमधून तयार सेट आणून त्यावर आपला शिक्का मारणाऱ्या मायक्रोमॅक्ससारख्यांनी एवढा पैसा कुठून काढायचा? ज्यांच्या देशातून माल यायचा, तेच आता शेजारच्या रॅकवर येऊन बसले होते.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं. त्यावर टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळे साधा कॉल करायलाही व्होल्टीवाला (फोरजीवरूनच कॉल लावणारा) सेट पाहिजे. आमच्या रॅकवर थ्रीजीचा माल तसाच पडलेला. एका कंपनीने भाव पाडले आणि फरकाची क्रेडिट नोट देतो म्हणाली. ती आलीच नाही. पुढे डिस्ट्रिब्युटर फोन उचलेना. ते सेट शेवटी बागेतल्या नेपाळी गड्यांना खरेदीच्याही खाली दिले.

कुडाळचा सोल्डर
दुकानदाराला प्रमोटरवरून कळतं, आम्हा रिपेअरवाल्यांना त्याच्याही आधी. फोल्डर (डिस्प्ले हो) कोल्हापूरला मागितला आणि पलीकडून "कॉपी चालेल काय?" असा प्रश्न आला, की त्या मॉडेलचे दिवस भरले. पुढे कॉपीही मिळत नाही. मग मेलेले सेट विकत घेऊन त्यांच्या बोर्डावरचे पार्ट काढायचे.

आपल्याकडे खाऱ्या हवेने चार्जिंग जॅक हिरवा पडतो. किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाचा जॅक पुण्याच्या गिऱ्हाइकापेक्षा लवकर जातो, असं माझं मत. ज्या कंपनीचा खप मोठा, तिचा जॅक कुठल्याही पानपट्टीएवढ्या दुकानात मिळतो. खप घटला की तोच जॅक आठ-आठ दिवस येत नाही, आणि गिऱ्हाईक शिव्या देतं ते मला.

खेडचा भाईजान
माझं जरा वेगळं. थोरले भाई दुबईत. २०१०च्या आसपास गावातल्या आखाती घरांत ब्लॅकबेरी म्हणजे काय थाट होता! बीबीएमचा (ब्लॅकबेरीच्या मेसेंजरचा) पिन लग्नपत्रिकेवर छापायचा राहिला होता एवढंच. त्या ऑगस्टमध्ये अमिरातीने ११ ऑक्टोबरपासून ब्लॅकबेरीच्या सेवा बंद करतो म्हणून सांगितलं, कारण त्यातले निरोप सरकारला तपासता येत नव्हते. ऐन वेळी तडजोड झाली. पण तेवढ्या दोन महिन्यांत भाईंच्या खोलीवरची पोरं दुसरं काहीतरी शोधायला लागली होती.

बीबीएम अँड्रॉइड आणि आयफोनवर आलं २०१३च्या ऑक्टोबरात. तोपर्यंत आमच्या अम्मीलाही व्हॉट्सअ‍ॅप येत होतं. मला खूण तिथे दिसली. ईदच्या शुभेच्छा बीबीएमवर येईनाशा झाल्या. भाईंनी फोन मात्र सोडला नाही, ती बटणं त्यांना फार आवडायची. ४ जानेवारी २०२२ला कंपनीने जुन्या फोनांच्या सेवा बंद केल्या, त्यानंतर तो कपाटात गेला.

सड्यावरची
नोकियाचा लुमिया ५२०, विंडोजवर चालणारा. आजवर वापरलेला सर्वांत आवडता फोन. खूण? मैत्रिणी कुठलंही अ‍ॅप सांगायच्या आणि ते माझ्याकडे नसायचं. बस.

मालवणी मुलूख
मायक्रोमॅक्सचा विषय निघालाय म्हणून. त्यांचा पहिला गाजलेला फोन एक्स१आय, २००८चा, तीस दिवस बॅटरी टिकते म्हणून विकला. बंगालमधल्या एका गावात ट्रकच्या बॅटरीवर चालणारा पीसीओ पाहून ती कल्पना सुचली, असं मालकांनी सांगितलेलं आहे. पावसात आमच्याकडे लाइट गेली की कधी येईल ते महावितरणलाही ठाऊक नसतं, त्यामुळे आजीला हा फोन पटला. माझा टचस्क्रीन बघून म्हणायची, "ह्या आरश्याचा करूचा काय? दिस मावळूच्या आधी मरता." तिला कंपनी बुडाल्याचं कधी कळलंच नाही. तिचा फोन चालू होता.

तिठा
वाशिष्ठीकाठ, चिनी पैशावर सगळं ढकलू नका. शाओमी सुरुवातीला जाहिरातीवर फार खर्च करत नव्हती, तरी २०१७च्या अखेरीस सॅमसंगच्या पुढे गेली. माल चांगला होता आणि अपडेट यायचे. आपल्या कंपन्या दर महिन्याला नवं मॉडेल काढायच्या आणि जुन्याला विसरायच्या. माझ्या फोनला आयुष्यात एकही अपडेट आला नाही (नाव घेत नाही). मला तर तीच पहिली खूण वाटते.

रत्नागिरीच्या बाई
शाळा ऑनलाइन झाल्यावर एलजीचा जी८एक्स घेतला, तो दोन पडद्यांचा. एकीकडे मुलांचे चेहरे, दुसरीकडे हजेरी. डिसेंबर २०१९मध्ये ४९,९९९ला आलेला फोन ऑक्टोबर २०२०च्या सेलमध्ये १९,९९०ला! मी खूश. बाबा म्हणाले, दुपारी पापलेट स्वस्त मिळालं तर कल्ले उघडून बघावेत. ५ एप्रिल २०२१ला एलजीने फोनचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. बाबांनी ती बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली. महागड्या फोनांना अँड्रॉइडचे तीन अपडेट देऊ असंही कंपनीने तेव्हा म्हटलं होतं, तो भाग त्यांनी वाचला नाही. मला तो फोन घेतल्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. तशी सोय मला नंतर त्या पैशात कुठे दिसली नाही.

दापोली-डोंबिवली
जगातला पहिला अँड्रॉइड फोन एचटीसीने बनवला, २००८ला. त्याच कंपनीची फोन बनवणारी बरीचशी माणसं गुगलने २०१७ला १.१ अब्ज डॉलरला घेतली. मला खूण दिसली दादरला. तिथे एचटीसीचं कव्हर मिळेना. दापोलीचं तर नावच नको.

तिठा
कव्हरचं अगदी पटलं. कव्हर आणि टेंपर (स्क्रीनवरची काच) विकणाऱ्या हातगाडीवाल्याइतका अचूक अंदाज कुणाचाच नसतो.

कोळथरे
वाशिष्ठीकाठ, २२ जुलै २०२१च्या पुरात तुमचं दुकान होतं का? तेव्हा कंपन्यांनी काय केलं?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण
होतं. पाणी माळ्याला लागलं होतं. गाळ काढत होतो तेव्हा दोन कंपन्यांची माणसं गुडघाभर चिखलातून आली, भिजलेल्या सेटचे आयएमईआय (ओळख क्रमांक) लिहून घेतले आणि उधारीची मुदत वाढवून दिली. एका तिसऱ्या कंपनीच्या साहेबाने व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेली चित्रं पाठवली आणि महिनाअखेरीस थकबाकीसाठी फोन केला. तिची पाटी पुरात वाकली होती. नवी द्यायला कुणी आलं नाही, मीही मागितली नाही. आता त्या जागी पॉवरबँकचा स्टँड आहे.