ब-५०३ ची पेटी आणि ‘ने’

[सकाळी ७:५२] ब-५०२ : सुप्रभातचे फोटो जरा थांबवा, हात जोडून विनंती. काल दुपारी आमच्या शेजारच्या कोरियन बाईंची लाकडी पेटी लिफ्टसमोरून गेली. आत तिच्या आईची पत्रं आहेत. पोर रात्रभर झोपलेली नाही. वॉचमन मामांना फोन केला तर "ताई, बाईच म्हणाल्या ने, म्हणून नेली" एवढंच बोलले आणि फोन बंद. आता लागतच नाही.

[७:५५] खजिनदार : लिफ्टसमोर व जिन्यात सामान ठेवू नये. सर्वसाधारण सभेत ठरलेले आहे.

[७:५६] ब-५०२ : दहा मिनिटांसाठी ठेवली होती हो. कुलूप उघडत होती ती.

[७:५८] ब-४०१ : मी किती वेळा सांगितलं की हे मामा ऐकतात एक आणि करतात एक. पण माझं ऐकायचंच नाही असं कमिटीनं ठरवलंय. असो.

[८:०१] सचिव : सर्वांनी कृपया शांत राहावे. मामांची रात्रपाळी होती, झोपले असतील. मी त्यांच्या घरी निरोप धाडला आहे.

[८:०३] ब-४०१ : "बाईच म्हणाल्या ने." आता परदेशातून आलेली मुलगी मराठीत ‘ने’ म्हणेल का? उघड थाप आहे.

[८:०९] ड-६०१ : काका, थाप नाहीये. तिने ‘ने’ म्हटलं असेलच. कोरियन भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’.

[८:१०] ब-५०२ : काय सांगतेस!

[८:१२] ड-६०१ : खरंच मावशी. दोन वर्षं शिकतेय मी कोरियन. मामांनी विचारलं असेल, "बाई, ही पेटी तुमची का?" त्यावर ती म्हणाली असेल, "ने, ने." म्हणजे हो, हो, माझीच. आणि मामांनी ऐकलं, ने बाबा ने.

[८:१३] अ-१०२ : हाहाहा हे भारीच झालं.

[८:१४] ब-५०२ : हसू नका हो. पत्रं आहेत त्यात.

[८:१४] अ-१०२ : क्षमस्व ताई.

[८:१५] खजिनदार : लिफ्टसमोर व जिन्यात सामान ठेवू नये.

[८:२६] अ-३०४ काका : यात नवल काहीच नाही. आपला ‘ने’ संस्कृत ‘नी’ धातूपासून आला. नयति, म्हणजे नेतो. बौद्ध भिक्षू कोरियापर्यंत गेले, त्यांच्याबरोबर हा शब्दही गेला. सगळ्या भाषांचं मूळ एकच आहे, हे मी या ग्रुपवर अनेकदा लिहिलं आहे.

[८:३१] क-२०१ बाई : काका, पहिलं वाक्य अगदी बरोबर. आपला ‘ने’ नयति वरूनच आला. पुढचं मात्र पटत नाही. भिक्षूंबरोबर शब्द गेले हे खरं. कोरियनमध्ये क्षणाला ‘छाल्ला’ म्हणतात, तो आपला ‘क्षण’च आहे, चिनीतून फिरून गेलेला. पण त्याचा अर्थ बघा, क्षणच राहिला. उसना शब्द आपला अर्थ बरोबर घेऊन जातो आणि वाटेत खुणा ठेवतो. ‘नेणे’चा ‘हो’ कसा झाला, त्याची वाट दाखवा.

[८:३३] अ-३०४ काका : काळाच्या ओघात अर्थ बदलतात बाई.

[८:३४] क-२०१ बाई : बदलतात. पण मग ग्रीक लोकही ‘हो’ला ‘ने’च म्हणतात. ते कोणत्या भिक्षूंनी नेलं? आणि ग्रीसला लागूनच बल्गेरिया आहे, तिथे ‘ने’ म्हणजे ‘नाही’. हद्द ओलांडली की होकाराचा नकार.

[८:३५] अ-१०२ : आई शप्पथ.

[८:३८] क-२०१ बाई : तुर्कीत ‘ने’ म्हणजे ‘काय’. हंगेरियनमध्ये ‘नको’. फिनिश भाषेत ‘ते, त्या’. जपानी माणूस वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावतो ते आपल्या ‘हो ना?’ मधल्या ‘ना’सारखं. पोर्तुगीजमध्येही शेवटी ‘ने’ लावून ‘हो ना?’ विचारतात, पण ते त्यांच्या ‘नाव ए’, म्हणजे ‘नाही का’, याचं आखूड रूप. जपानीशी त्याचा काही संबंध नाही. आणि आपण सकाळपासून या ग्रुपवर ‘कमिटीनं’, ‘मामांनी’ लिहितोय त्यातला नं-नी तृतीयेचा, तो आणखीच वेगळा.

[८:४०] ब-४०१ : पेटीचं काय झालं? की आज शाळा भरणार आहे?

[८:४१] सचिव : मामांचा मुलगा भेटला. मामा उठले की फोन करतील.

[८:४३] अ-३०४ काका : बाई, योगायोग एकदा होतो. इतक्या वेळा होत नाही. मग फारसीत ‘बद’ म्हणजे वाईट आणि इंग्रजीत ‘बॅड’ म्हणजे वाईट, हाही योगायोगच का? बदनाम, बदमाश आपण रोज म्हणतो.

[८:५०] क-२०१ बाई : हो काका, तो योगायोगच आहे, आणि उदाहरण छान काढलंत. जुन्या फारसीत मागे गेलात तर ‘बद’चं रूप ‘वद’ होतं. म्हणजे हे दोन शब्द पूर्वी एकमेकांपासून लांब होते आणि नंतर सारखे दिसायला लागले. खरं नातं असेल तर मागे जाल तसे शब्द जवळ यायला हवेत. इथे उलटं आहे. आपला ‘देव’ आणि लॅटिन ‘देउस’ हे सख्खे. पण ग्रीक ‘थेओस’, अर्थ देवच, आवाजही जवळचा, तरी त्या घरातला नाही.

[८:५२] अ-१०२ : म्हणजे आडनाव एक पण भाऊबंदकी नाही.

[८:५३] क-२०१ बाई : अगदी!

[८:५५] क-२०१ बाई : एक अजून सांगते, मग थांबते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडमध्ये म्बाबाराम नावाची भाषा होती. १९६० च्या दशकात डिक्सन नावाचे भाषाशास्त्रज्ञ तिच्या शेवटच्या बोलणाऱ्यांपैकी एका आजोबांकडे बसून शब्द उतरवून घेत होते. कुत्र्याला काय म्हणतात विचारलं, तर आजोबा म्हणाले, ‘डॉग’. डिक्सनना वाटलं इंग्रजीच सांगताहेत. पण शेजारच्या भाषेत कुत्र्याला ‘गुदागा’ म्हणतात. त्याचा पुढचा भाग गळला, मधला ‘आ’ ‘ओ’ झाला, शेवटचा स्वर गेला आणि उरला ‘डॉग’. इंग्रजीशी सुतराम संबंध नाही. अर्थसुद्धा तोच आणि तरी योगायोग! म्हणून म्हणते, नुसत्या आवाजावरून नातं जोडू नका.

[८:५६] अ-३०४ काका : बघतो मी.

[८:५७] खजिनदार : पुन्हा एकदा. लिफ्टसमोर व जिन्यात सामान ठेवू नये.

[८:५८] ब-५०२ : वाचलं हो. पाच वेळा वाचलं.

[८:५८] खजिनदार : तीनच वेळा टाकलं आहे.

[९:०२] ब-४०१ : बस करा आता. चोरीचा विषय चाललाय की शब्दांचा?

[९:०४] क-२०१ बाई : चोरी हा शब्द कृपया मागे घ्या. मामा इथे उत्तर द्यायला नाहीत. आणि तुमच्या ‘बस’पुरतं बोलायचं तर तो फारसीतला, म्हणजे ‘पुरे’. ‘खाली बस’ मधला संस्कृतातून आलेला. रस्त्यावरची बस तिसरीच. लॅटिनमध्ये ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. १८२९ मध्ये लंडनला त्या नावाच्या घोडागाड्या सुरू झाल्या, पुढे लोकांनी नाव कापत कापत फक्त विभक्तीचा प्रत्यय ठेवला. म्हणजे आपण प्रत्ययात बसून प्रवास करतो. एका मराठी शब्दात तीन घरं नांदतात आणि आपला कधी गोंधळ होत नाही, कारण आजूबाजूचं वाक्य सांभाळून घेतं. काल मामांना वाक्य मिळालंच नाही. एक अक्षर मिळालं.

[९:०५] ब-४०१ : हा संदेश काढून टाकला आहे.

[९:०६] अ-१०२ : काय लिहिलं होतं?

[९:०६] ब-४०१ : काही नाही. गैरसमज नको म्हणून काढलं.

[९:१४] सचिव : मामांचा फोन आला!! पेटी पंपाच्या खोलीत आहे. सुखरूप. भंगारवाला आज येणार होता म्हणून तिथे ठेवली होती.

[९:१४] ब-५०२ : देवा! निघालेच मी. किल्ली कुणाकडे?

[९:१५] सचिव : माझ्याकडे. खाली या.

[९:२८] सचिव : पेटी दिली. मामांचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो. "साहेब, मी इचारलं, हे काढू का? बाई बोलल्या एकदा, मला ‘दे’ ऐकू आलं. परत इचारलं, तर ‘ने’. दे म्हंजे भंगारवाल्याला दे, ने म्हंजे घेऊन जा. दोन्हीचा मतलब एकच झाला ना? वर बाई मान पण हलवत होत्या. माझी काय चूक?" फार वाईट वाटलं त्यांना. रडवेले झाले होते.

[९:३३] ड-६०१ : मामांचे कान एकदम बरोबर आहेत! कोरियन लोक शब्दाच्या सुरुवातीचा ‘न’ म्हणताना नाकातून हवा कमी सोडतात. म्हणून परक्या माणसाला ‘ने’ पुष्कळदा ‘दे’च ऐकू येतं. मलाही सुरुवातीला यायचं.

[९:३५] ड-६०१ : आणि अजून एक. ‘ने’ म्हणजे प्रत्येक वेळी पक्का होकार नसतो. समोरचा बोलत असताना "हं, ऐकतेय" म्हणूनही ‘ने, ने’ म्हणतात. आणि आवाज वर नेऊन ‘ने?’ म्हटलं तर त्याचा अर्थ "काय म्हणालात?" मी आत्ता तिच्याशी बोलले. तिला ‘काढू का’ कळलंच नव्हतं. ती पहिल्यांदा "काय म्हणालात?" असंच विचारत होती.

[९:३६] ब-५०२ : म्हणजे ती विचारत होती आणि मामांना वाटलं सांगतेय.

[९:३८] अ-३०४ काका : तिला म्हणावं हो साठी दुसरा एखादा शब्द वापर.

[९:३९] ड-६०१ : दुसरा आहे आजोबा, जरा जास्त औपचारिक. पण तो आहे ‘ये’.

[९:३९] अ-१०२ : ये, ने, दे!! अहो तीनही हुकूमच झाले की!

[९:४१] ब-५०२ : आता मात्र मीही हसले. पत्रं मिळाली ना.

[९:४४] ड-३०३ : आमच्या गावाकडे ‘हाय’ म्हणजे ‘आहे’. "पाणी हाय का?" "हाय." कँटनीज चिनीतही ‘हाय’ म्हणजे ‘आहे’ आणि ‘हो’. जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘हो’. व्हिएतनामीत दोन. आणि माणूस रडताना ‘हाय हाय’. मी हाँगकाँगच्या कंपनीत होतो तेव्हा बैठकीत सगळे हाय हाय करायचे आणि मला घरचं वाटायचं.

[९:५०] अ-३०४ काका : बाई, मी विचार केला. डॉगचं पटलं. पण ‘मा’चं काय? आईला जगभर मा, मामा, मम्मा. तो तरी योगायोग नव्हे.

[९:५७] क-२०१ बाई : नाही काका, इथे तुमचं म्हणणं जास्त खरं आहे. तो निव्वळ योगायोग नाही. पण एका मूळ भाषेतूनही आलेला नाही. ओठ मिटायचे, उघडायचे, आवाज काढायचा, की ‘मा’ होतो. तान्ह्या बाळाला सगळ्यात आधी जमणाऱ्या आवाजांपैकी तो एक. बाळ आवाज काढतं, अर्थ मोठी माणसं चिकटवतात. बहुतेक ठिकाणी आई म्हणते, मलाच हाक मारली. पण जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि आई ‘देदा’! आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. आणि तुमच्या लाडक्या संस्कृतात नुसता ‘मा’ म्हणजे ‘नको’. तोच ‘मा’ लक्ष्मीचंही नाव, म्हणून तिचा धव तो माधव.

[९:५८] अ-३०४ काका : माधवाचं ठाऊक होतं. देदाचं नव्हतं. उत्तम.

[१०:०६] क-२०१ बाई : इतक्या भाषांत असं का होतं, तर तोंड सगळ्यांचं एकच आहे. हवाई बेटांच्या भाषेत व्यंजनं ८ आणि स्वर ५. एक व्यंजन, एक स्वर अशी जोडी लावली की ४० आवाज, स्वर लांबवले तर ८०. मराठीत फार तर काही शे. आणि जगात भाषा सुमारे ७,०००. प्रत्येकीला हो, नाही, ये, काय यांसाठी आखूड शब्दच हवेत, कारण ते दिवसभर लागतात. मग तेच तेच आवाज वाट्याला येणारच. लांब शब्दांची अशी टक्कर क्वचित होते. मला मामांबद्दल सकाळपासून फार वाटतंय म्हणून एवढं लिहिलं. त्यांनी नीट ऐकलं, दोनदा विचारलं, तिच्या मानेकडेही पाहिलं. आणि मानेचाही भरवसा नाही बरं, बल्गेरियात मान वरखाली केली तर ‘नाही’ आणि आडवी हलवली तर ‘हो’. कोणीतरी त्यांना "तुमची चूक नाही" असं तोंडानं सांगा.

[१०:०८] ब-५०२ : मी सांगितलं. ती पण खाली येऊन त्यांना वाकून नमस्कार करून गेली. मामा आणखीच गोंधळले.

[१०:१०] ब-४०१ : मीही बोलेन संध्याकाळी. पण दिव्याच्या खांबाचं अजून झालेलं नाही, तेही लक्षात असू द्या.

[१०:११] खजिनदार : खांबाचे दरपत्रक मागवले आहे. लिफ्टसमोर व जिन्यात सामान ठेवू नये.

[१०:१५] सचिव : मामा विचारताहेत, ‘हो’ला ने, तर ‘नाही’ला काय म्हणतात?

[१०:१६] ड-६०१ : ‘आनियो’.

[१०:१६] अ-१०२ : थांबा थांबा. म्हणजे हो म्हणाली की ‘ने’ आणि नाही म्हणाली की ‘आणा’??

[१०:१७] ब-५०२ : अगं बाई. उद्या ती "नको" म्हणेल आणि मामा सगळं भंगार परत वर आणतील.

[१०:२१] सचिव : मामा म्हणतात, एकच शब्द शिकवा, ‘जरा थांबा’. तो चौकीच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवतो. मग वर फोन लावून कुणालातरी बोलावतील.

[१०:२३] ड-६०१ : ‘जामकानमानयो’.

[१०:२४] सचिव : बापरे. हा तरी कशासारखा ऐकू येणार नाही.

[१०:२६] सचिव : मामांनी लिहिला. म्हणतात, "सोपा हाय. कान आणि मान, दोन्ही हाय त्यात."