जुने इटालियन थ्रिलर-हॉरर, पण बाई मध्यभागी असलेले, कुठून सुरू करू?

कंदील_७१:
मंडळी, मदत हवीय. गेल्या महिन्यात 'सस्पिरिया' बघितला (१९७७ चा, नवा नव्हे) आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, ते लाल-निळे रंग, गॉब्लिन बँडचं म्युझिक, सगळंच. म्हणून त्या काळातले अजून दोन-तीन जालो (म्हणजे तिकडचे खुनांचे थ्रिलर) लावले, तर त्यात बाई म्हणजे काळे हातमोजेवाल्याने मारायला ठेवलेली, नाव कळायच्या आत खलास. मला असे सुचवा ज्यात ती बाई माणूस म्हणून कळते, ती घाबरली की आपल्याही पोटात गोळा येतो. रक्त चालेल, पण नुसतं रक्त नको. सबटायटल्सची अडचण नाही.

माडीवरची:
'सस्पिरिया' आवडला असेल तर आधी दारिया निकोलोदी ही नटी. सगळे दारिओ आर्जेंतो या दिग्दर्शकाचंच नाव घेतात, पण पटकथेवर तिचंही नाव आहे आणि आजीकडून ऐकलेल्या गोष्टीवरून ती कल्पना आली असं ती सांगायची. मुख्य रोल तिला स्वतःला करायचा होता, तो जेसिका हार्परला मिळाला आणि दारिया फक्त सुरुवातीला एअरपोर्टवर क्षणभर दिसते, मला हे अजूनही लागतं. तर 'डीप रेड' (१९७५) बघा. त्यात ती पत्रकार आहे, जियाना. हीरो तिला बायका कशा नाजूक असतात ते ऐकवतो आणि ती त्याला पंजा लढवायला बसवून हरवते. तिच्या छोट्या फियाटमधली त्याची सीट खाली बसलेली, त्यामुळे तो अख्खा वेळ तिच्याकडे मान वर करून बोलतो. एक महत्त्वाचं, साधारण १२६ मिनिटांचीच आवृत्ती शोधा. बाहेरच्या देशांसाठी कापून १०५ मिनिटांच्या आसपास आणलेल्या आवृत्तीत नेमके या दोघांचेच सीन उडवलेत. लांब आवृत्ती इंग्लिशमध्ये लावली तर मधेच इटालियन सुरू होतं, डिस्क बिघडलीय असं समजू नका, त्या सीनचं इंग्लिश डबिंग नाहीये. आणि कलाकारांची यादी आधी वाचू नका, प्लीज.

रातपाळी:
नट्यांमध्ये एडविज फेनेकचं नाव कोणी घेतलं नाही अजून? 'द स्ट्रेंज व्हाइस ऑफ मिसेस वर्ध' (१९७१), सर्जिओ मार्तिनोचा. व्हिएन्नात वस्तरा घेऊन फिरणारा खुनी, आणि हिच्याभोवती नवरा, जुना यार, नवा यार, तिघांपैकी एकावरही विश्वास टाकावा असं वाटत नाही. त्याचं संगीत नोरा ओर्लांदीचं आहे, तेव्हा तिथे चित्रपटाला संगीत देणाऱ्या बायका फार कमी होत्या, आणि त्यातला एक तुकडा टॅरँटिनोने 'किल बिल'च्या दुसऱ्या भागात घेतलाय, म्हणजे तुम्ही तो ऐकलाही असेल. मग लगेच 'ऑल द कलर्स ऑफ द डार्क' (१९७२). तीच, तोच दिग्दर्शक, लंडन. तिला पडणारी स्वप्नं आणि खरं घडतंय ते यातली रेघ पुसली जाते आणि घरचं कोणी तिचं ऐकून घेत नाही.

शेवंती:
रातपाळी, मला फेनेक आवडते, तिच्या चेहऱ्यावर भीती इतकी खरी येते की बाकी कथा पातळ असली तरी चालून जातं. पण कंदील यांनी जे मागितलंय त्यात 'मिसेस वर्ध' पहिला नको. कॅमेरा तिच्या मनापेक्षा अंगावर जास्त रेंगाळतो, हे आपण मान्य करूया.

माझं मत फ्लोरिंडा बोल्कान. ब्राझीलची ही नटी. 'फूटप्रिंट्स' (१९७५), लुइजी बाझोनीचा. ती अनुवादक आहे, एक दिवस लक्षात येतं की मधले तीन दिवस आठवतच नाहीयेत, हातात फक्त एका जुन्या हॉटेलचं पोस्टकार्ड, आणि ती त्या बेटावर एकटी जाते. हातमोजे नाहीत, वस्तरा नाही, जवळजवळ खूनच नाहीत, नुसती ती, रिकामे रस्ते आणि तिला ओळखणारी अनोळखी माणसं. छायाचित्रण व्हित्तोरिओ स्तोरारोचं. मी आजारी असताना एकटीने दुपारी बघितला होता आणि संपल्यावर घरातले दिवे लावत फिरले. त्याच्याच जोडीला मिम्झी फार्मरचा 'द परफ्यूम ऑफ द लेडी इन ब्लॅक' (१९७४), तोही असाच आतून पोखरणारा.

जुनी_रीळं:
रंगीत यायच्या आधीचंही बघा. 'ब्लॅक संडे' (१९६०), मारिओ बावाचा, बार्बरा स्टील दुहेरी भूमिकेत, लोक जिला जाळून मारायला निघाले ती चेटकीण आणि तिच्याच वंशातली मुलगी. स्टील मूळची इंग्लिश, तरी इंग्लिश आवृत्तीत आवाज दुसरीचा. तेव्हा तिकडे आवाज नंतर स्टुडिओत चढवायचे, त्यामुळे यातल्या बऱ्याच नट्यांचा खरा आवाज आपण ऐकलेलाच नाही. आणि त्याआधीचा 'इ व्हँपिरी' (१९५७) तर चुकवूच नका. जियाना मारिया कानाले तरुण राहायला धडपडणारी डचेस आहे, आणि एकाही कटशिवाय तिचा चेहरा डोळ्यांदेखत म्हातारा होतो. कॅमेरा बावाचाच. सुरकुत्या लाल रंगाने काढलेल्या, लाल उजेडात त्या दिसत नाहीत, उजेडाचा रंग बदलला की वर येतात. फिल्म कृष्णधवल म्हणून रंगाची चोरी पकडली जात नाही.

कंदील_७१:
खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल 'डीप रेड' लांबवाला बघितला, पंजा लढवायचा सीन तीनदा मागे नेला. आज 'फूटप्रिंट्स'. बोल्कानचा 'डोंट टॉर्चर अ डकलिंग' पण कुठेतरी वाचला, तो कसाय? बहीण सोबत असेल, तिला लहान मुलांचं काही सहन होत नाही.

शेवंती:
मग बहिणीसोबत नको. दिग्दर्शक लुचिओ फुल्चीचा आहे, १९७२ चा, दक्षिण इटलीतलं गाव आणि खून लहान मुलांचेच होतात. बोल्कान त्यात गावाने चेटकीण ठरवलेली बाई आहे, माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम, पण स्मशानातला एक सीन मला मधे थांबवून मग पुढे बघावा लागला. एकट्याने बघा, रात्री उशिरा नको. बहिणीला 'फूटप्रिंट्स' दाखवा.